तांबडी कुरुंदवाडला गेली नव्हती

२२ जानेवारी. खुराड्यातली राख बदलायची आहे.

भाभी, हे काम तुझं. दर गुरुवारी तू जुनी राख खरडून काढायचीस, चुलीतली नवी राख चाळून पसरायचीस आणि कोपऱ्यात कडुलिंबाचा पाला टाकायचीस. तुला पंधरा मिनिटं लागायची. मला आज पाऊण तास लागला. अर्धी राख नाकातोंडात गेली, पांढरीनं हाताला दोनदा चोच मारली. ती खुडूक बसली आहे, तिला उठवायचं नसतं, हे मला चोच बसल्यावर आठवलं. तिच्याखालच्या अकरा अंड्यांवर तुझ्या कोळशाच्या रेघा अजून दिसतात. उरलेल्या सात जणी बाहेर उभ्या राहून माझं काम बघत होत्या. त्यांचं मत काही चांगलं दिसलं नाही.

तुला जाऊन चार दिवस झाले. लोक मला विचारतात, बाई, आता मदतनीस कधी मिळणार. मिळेल तेव्हा मिळेल. मला त्याची काळजी नाही. एक काम राहून गेलंय, त्याची आहे, आणि ते राखेचं नाही.

दुपारी तुझा सलीम आला होता. कोंबड्या घेऊन जातो म्हणाला, तुम्हाला कशाला ताप. मी म्हटलं, कोंबड्या अंगणवाडीच्या आहेत. तो म्हणाला, "अम्मीच्या हायत की ओ बाई." मी म्हटलं, तुझ्या अम्मीनं त्या पोरांच्या नावानं सोडल्यात, सहा वर्षांपूर्वी, विचार जाऊन कुणालाही. मग विचारायचं ते तुलाच, हे दोघांच्याही लक्षात आलं. शेवटी तो म्हणाला, शेवग्याचा पाला मी आणून टाकत जाईन. मी बरं म्हटलं. कोंबड्या कुठंही जाणार नाहीत. तेवढं ठरलं.

खरं तर या कोंबड्या मला नको होत्या, हे तुला माहीत आहे. सलीमनं तुमच्या अंगणात फरशी घातली आणि तू चार कोंबड्या डालग्यात घालून आमच्या मागच्या मोकळ्या जागेत आणल्यास. "दोन म्हयनं, बाई. मग इकून टाकतो." मी म्हटलं, इथं तीन-चार वर्षांची पोरं आहेत, घाण होईल, आजार येईल, सुपरवायझर मॅडम माझ्या डोक्यावर बसतील. तू हो हो म्हणालीस आणि खुराडं बांधायला विटा मागितल्यास. तुझं हे एक होतं. भांडायचीस कमी, करायचीस जास्त. एकोणीस वर्षं मला तुमी-बाई म्हणालीस, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी असून, आणि त्या एकोणीस वर्षांत माझं एकही म्हणणं मी सांगितलं तसं ऐकलं नाहीस.

मी आत गाणी म्हणून घ्यायची. भिंतीवर तक्ता, हातात पट्टी, एक ते दहा. पोरं तालात म्हणायची, आणि सहा खडे पुढ्यात ठेवले की नऊ सांगायची. बाहेर तू त्यांना खुराड्यापुढं बसवायचीस. शिकवत काहीच नव्हतीस. बसा, हळू बोला, अंडं दोन हातांनी धरा, नंतर हात धुवा. एवढंच. पळत कोंबडीमागं गेलेल्या पोराला तू ओरडलेलंही मी ऐकलं नाही. "धरायची न्हाय रं. बसायचं. ती येती." आणि ते पोर बसायचं. सगळ्यांना चावत सुटणारं, आईच्या कडेवरून उतरताना लाथा झाडणारं पोर वीस मिनिटं मूठभर कण्या घेऊन हात पसरून बसलेलं मी या डोळ्यांनी बघितलं. कोंबडी आली, खाऊन गेली. त्यानं ओरडून कुणाला सांगितलंसुद्धा नाही. नुसता रिकामा हात बघत बसलं.

आकडेही पोरं तिथंच शिकली. सुट्टीच्या वेळी कण्या टाकून कोंबड्या आत घ्यायच्या आणि मोजायच्या. आठ भरल्या नाहीत तर कुणालाच घरी जायला मिळायचं नाही, शोधायला जावं लागायचं. तक्त्यावरचा आठ चुकला तर काही बिघडत नव्हतं. इथं बिघडत होतं. तू मला टोमणा मारायची संधी सोडली नाहीस. "तुमच्या गाण्यातली कोंबडी चुकली तर मुंगूस खात न्हाय तिला, म्हणून पोरं चुकत्यात."

गेल्या पावसाळ्यातली धुतलेल्या अंड्यांची गोष्ट मी अजूनही बैठकीत सांगते. सांगताना दोष माझा होता तेवढं गाळते. तू तांबडीखाली ठेवायला अकरा अंडी जमवली होतीस, कोळशानं खुणा करून, म्हणजे तिनं नंतर घातलेलं अंडं वेगळं ओळखू यावं. मी त्याच आठवड्यात हात धुण्याचं शिकवत होते. पुढून, मागून, बोटांच्या मधून. मी रजिस्टर लिहीत होते आणि तू पाणी भरायला गेली होतीस, तेवढ्यात पोरांनी रांग लावून अकराच्या अकरा अंडी साबणानं धुतली, पुढून, मागून. कोळशाच्या खुणा घाण आहे म्हणून आधी घासल्या. पुसून, ओळीनं मांडून, मला दाखवायला बोलावलं. मी शाबास म्हणाले, भाभी. मला ठाऊक नव्हतं.

तू आलीस, बघितलंस, डोक्याला हात लावून हसलीस. पण अंडी फेकली नाहीस. परत खुणा करून तांबडीखाली ठेवलीस आणि पोरांना सांगितलंस, एकवीस दिवस थांबायचं. पोरं थांबली. दोन पिल्लं निघाली, नऊ अंडी तशीच राहिली. मी म्हटलं, दोन निघाली तेवढं सांगूया, नऊची चर्चा नको. तू मला बाजूला केलंस आणि सगळ्यांना शेवग्याखाली बसवलंस.

"अंड्यावर वरनं एक पदर आसतोय. डोळ्याला दिसत न्हाय. त्यो आपण साबणानं काढला, म्हणून पिल्लं झाली न्हाईत. आपल्याला ठावं नव्हतं. आता ठावं झालं."

कुणी रडलं नाही. एकीनं विचारलं, आता धुवायची नाहीत ना? तू म्हणालीस, न्हाईत. मग सगळ्यांनी खड्डा काढला, नऊ अंडी पुरली आणि हात धुतले. मला तेव्हा वाटलं होतं की तू फार कठोर आहेस. चार वर्षांच्या मुलांना एवढं सांगायची काय गरज. आज वाटतं, त्या दिवशी सगळ्यात जास्त मी शिकायला हवं होतं, आणि मी लांब उभी राहून घड्याळ बघत होते.

आता तांबडीचं.

खुराड्याच्या कडीत अडकवायला तू खिचडीच्या मोडक्या पळीचा दांडा ठेवला होतास. नुसती कडी कोंबडीच्या धक्क्यानंही निघते, दांडा असला की निघत नाही. दर आठवड्याला एकाची दांड्याची पाळी. सुट्टीच्या वेळी त्यानं दांडा घालायचा, ओढून बघायचा आणि मग चप्पल घालायची. त्या आठवड्यात ओवीची पाळी होती. पाच वर्षांची, दोन शेंड्या, सगळ्यात जास्त प्रश्न विचारणारी. तू त्या दिवशी सुट्टी होताच लेकीकडे कुरुंदवाडला गेलीस, मुक्कामाला. ओवीनं दांडा घातला, ओढला, मला हाक मारून दाखवला आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझर मॅडम येणार होत्या. मी एकटी थांबून खुराडं झाडायला गेले. दांडा काढला. फोन वाजला, मॅडमनाच कसला तरी तक्ता हवा होता. मी दांडा हातात तसाच धरून आत आले, हजेरीच्या वहीवर ठेवला, तक्ता पाठवला, कुलूप लावलं आणि घरी गेले.

सकाळी पोरांच्या आधी पोहोचले. दार उघडं, शेवग्यावर सात कोंबड्या, खाली तांबडीची पिसं. मी पिसं झाडली. दहा मिनिटांत सगळं स्वच्छ केलं, मला येतं ते. पोरं आली, मोजायला लागली, सात भरल्या. तांबडी कुठाय? आणि मी म्हणाले, भाभीबरोबर कुरुंदवाडला गेली. भाभीच्या लेकीकडे राहणार आहे आता.

किती सहज आलं तोंडात. मॅडमनी त्या दिवशी स्वच्छतेबद्दल कौतुकही केलं.

संध्याकाळी तू परत आलीस आणि दुसऱ्या दिवशी पोरांनी तुला घेरलं. तांबडी बरी आहे का, तिला तिथं कण्या देतात का. तू माझ्याकडं बघितलंस. "ते बाईस्नी इचारा." मग आत आलीस, हजेरीच्या वहीवरचा दांडा उचललास, पदराला पुसलास आणि बाहेर जाऊन कडीत घातलास. मी त्यावरून समजले की विषय संपला. माणूस सोयीचं तेवढंच समजतं.

पुढचं अर्धं तुझ्यामुळं मला कळलं. ओवीची आत्या कुरुंदवाडला असते. दिवाळीच्या सुट्टीत पोर तिकडे गेली ती फ्रॉकच्या खिशात कण्या भरून. दोन दिवस गल्लीगल्लीतनं फिरली, दिसेल त्या खुराड्यापुढं बसली, हात पसरून. आत्यानं हसत हसत सांगितलं तिच्या आईला, आईनं हसत हसत मला. मीही हसले. तू नाही हसलीस, कारण ओवी परत आल्यावर तुझ्याशी बोलली होती आणि माझ्याशी नाही.

त्यावरून आपलं भांडण झालं. तू खिचडीचं पातेलं घासत होतीस, मी महिन्याचा अहवाल लिहीत होते.

"ती पोर रोज दांडा दोन-दोनदा ओढून बघती. बघितलासा?"

मी म्हटलं, चांगली सवय आहे.

"सवय न्हवं ती. मला म्हणाली, तांबडी तिथं न्हाई, ती दारातनं भाईर पडली नि वाटंत हरवली, मीच दांडा नीट घातला नव्हता."

मी म्हटलं, भाभी, लहान आहे, विसरेल. खरं सांगून तिला मुंगूस दाखवायचं का? पोरांना वाईट वाटू नये म्हणून सांगितलं मी ते.

तू पातेलं खाली ठेवलंस. "पोरांसाठी न्हाय, बाई. तुमच्यासाठी सांगितलासा."

मी चिडले. काय काय बोलले ते इथं लिहीत नाही, तू ऐकलंयस. इथली सेविका मी आहे, हेही म्हणाले. तू पातेलं पालथं घातलंस. जाताना दारात एवढंच म्हणालीस की मी सांगणार नाही, ते तुमचं हाय, तुमीच सांगायचं. मी म्हटलं, बघू. संक्रांत झाल्यावर बघू. संक्रांतीला तू घरी आलीस, तिळगूळ घेतलास, गोड बोलायचं म्हणून दोघीही गोड बोललो आणि तो विषय काढला नाही. चार दिवसांनी सलीमचा फोन आला.

तुझ्या दारात मी उभी राहिले. कब्रस्तानात बायका जात नाहीत, त्यामुळं मी दारातूनच परत आले, आणि परत येऊन काय करायचं ते कळेना म्हणून अंगणवाडीची पातेली घासली. तुझ्याइतकी लख्ख निघाली नाहीत.

परवा पोरं आली. तुझी जागा रिकामी होती, खिचडी मी वाढली, पातळ झाली होती. एक म्हणाला, भाभी दवाखान्यात आहे. दुसरा म्हणाला, देवाघरी. ओवीनं दोघांचंही ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "बाई, भाभी बी कुरुंदवाडला गेली?"

सगळी माझ्याकडं बघायला लागली. भाभी, मी एवढंच म्हटलं, आधी खिचडी संपवा.

त्यांनी संपवली. परत कुणी विचारलं नाही. मुलं एकदाच विचारतात. उत्तर मिळालं नाही तर आपलं आपण तयार करतात, आणि ते आपल्या उत्तरापेक्षा वाईट असतं. सुट्टीच्या वेळी ओवीची पाळी नव्हती तरी ती खुराड्यापाशी गेली. दांडा ओढून बघितला. मग परत बघितला. काल तीनदा.

मी एकोणीस वर्षांत शे-दीडशे पोरांना तरी हात धुवायला शिकवलं असेल. एका पोरीच्या डोक्यावर माझी चूक ठेवून मी अहवाल लिहीत बसले. हे तुला दिसलं होतं. तू माझ्यावर रागावली होतीस की माझी वाट बघत होतीस, हे मला कळलं नाही, आता कळणारही नाही. माझा अंदाज आहे, वाट बघत होतीस. हात पसरून बसायची सवयच होती तुला.

ठीक आहे. रडून राख बदलत नाही. उद्या सांगते.

२३ जानेवारी.

आज प्रार्थनेच्या आधीच सगळ्यांना बाहेर नेलं आणि खुराड्यापुढं बसवलं. मीही बसले. गुडघे दुखले. तू रोज कशी बसायचीस?

मी म्हणाले, भाभी मेली. तिचं हृदय बंद पडलं. ती दवाखान्यात नाही, कुरुंदवाडला नाही. ती परत येणार नाही.

"कदीच?" एकानं विचारलं.

कधीच नाही, मी म्हटलं.

एक जण म्हणाला, मला माहीत होतं, आमच्या आज्जीनं सांगितलंय. दोघी रडायला लागल्या. मी रडू दिलं. पाठीवर हात फिरवायला मला तुझ्याइतकं जमत नाही, पण फिरवला. पांढरी आतून गुरगुरत होती.

मग मी म्हणाले, अजून एक सांगायचं आहे. तांबडी पण मेली. कुरुंदवाडला गेली नव्हती. मी खोटं सांगितलं होतं. तिला मुंगसानं नेलं.

"तिला दुखलं?"

मी म्हटलं, दुखलं असेल. थोडा वेळ.

ओवी माझ्याकडं बघत नव्हती. दांड्याकडं बघत होती. मी उठले, दांडा कडीतनं काढला, सगळ्यांना दिसेल असा धरला. त्या दिवशी ओवीनं हा नीट घातला होता, म्हटलं. ओढून दाखवलाही होता मला. ती घरी गेल्यावर मी काढला. आत नेऊन टेबलावर ठेवला आणि परत घालायला विसरले. म्हणून दार उघडं राहिलं.

मला वाटलं, आता पोरं काय म्हणतील. सात जोड्या डोळे माझ्यावर आणि एक जोडी दांड्यावर.

"म्हंजे मी न्हवं?" ओवी म्हणाली.

"तू न्हवं. मी."

तिनं जरा विचार केला. ती विचार करते तेव्हा एक शेंडी तोंडात घालते, तू नेहमी ओढून काढायचीस. मी काढली नाही.

"मग तुमची बी पाळी लावा," ती म्हणाली. "आठवडाभर. मी बघतो नीट घालताय का."

सगळ्यांना ते पटलं. रडणाऱ्या दोघींनाही. दांड्याच्या पाळीच्या तक्त्यावर मी माझं नाव लिहिलं. तिथं चित्र काढावं लागतं, वाचता येत नाही म्हणून. माझं चित्र काय काढायचं यावर वाद झाला, शेवटी चष्मा ठरला.

मग गाणी झाली. खिचडी आज जरा घट्ट जमली. सुट्टीच्या वेळी कण्या टाकल्या, कोंबड्या आत घेतल्या. पोरांनी मोजल्या, बसलेली पांढरी धरून आठ. तांबडीच्या जागी तिचंच एक पिल्लू मोठं होऊन मोजणीत आलं आहे, धुतलेल्या अंड्यातलं. मी कडी लावली, दांडा घातला, बाजूला झाले.

ओवी पुढं आली. दांडा ओढून बघितला. एकदाच. आणि चप्पल घालायला पळाली.